हिरड्यांतून रक्त येतं, पण दुखत नाही

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



सर्वप्रथम एक खुलासा. निवेदकांनी ओळख करून देताना कौतुकाने 'डॉक्टरसाहेब' म्हटले, पण आम्ही डॉक्टर नाही. आम्ही इथल्याच सरकारी दवाखान्याच्या दंतविभागात काम करणारे डेंटल हायजिनिस्ट. डिप्लोमा करून नोकरीला लागलेली माणसे. तपासणी, निदान, दात काढणे हे डॉक्टरांचे काम. दातांवरचे किटण काढणे आणि ब्रश कसा धरायचा ते शिकवणे हे आमचे. त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते खुर्चीशेजारी उभे राहून, लोकांच्या तोंडात रोज डोकावून जे दिसते त्यावरून. आणि 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्यात विभागातली सगळीच मंडळी आली.

ज्याच्या उत्सवासाठी आपण जमलो आहोत तो एकदंत. त्याचे त्यावाचून काही अडत नाही, एकवीस मोदक सहज संपतात. आपले तसे नाही. अक्कलदाढा सोडल्या तर आपल्याला अठ्ठावीस दात मिळतात आणि ते आयुष्यभर पुरवायचे असतात. मोठेपणी हे दात जातात ते मुख्यतः दोन कारणांनी. एक कीड आणि दुसरे हिरड्यांचा आजार, ज्याला आपल्या इंदुरात सगळे 'पायरिया' म्हणतात. कीड लागली की दात ठणकतो, माणूस धावत येतो. पायरिया बहुधा दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. आजचे बोलणे या न दुखणाऱ्या आजारावर आहे.

आमच्याकडे येणारी मराठी माणसेसुद्धा 'हिरड्या' म्हणत नाहीत, 'मसूडे' म्हणतात. इथे तीन-चार पिढ्या राहिल्यावर ते व्हायचेच. पण मसूडे म्हणा की हिरड्या, तक्रार एकच असते: "ब्रश केला की रक्त येतं, पण दुखत नाही काही. म्हणून त्या बाजूला ब्रश लावणं सोडलं." या एका वाक्यात सगळा घोटाळा आहे. रक्त येते, कारण तिथे घाण साठून हिरडी सुजली आहे. ब्रश लावणे सोडले की घाण आणखी साठते, सूज वाढते, रक्तही वाढते. हाताला जखम झाली तर आपण तिला हात लावत नाही, तोच न्याय लोक हिरडीला लावतात. इथे तो चालत नाही. रक्त येते तिथेच ब्रश हळुवारपणे, पण नेमाने फिरवला पाहिजे.

ही घाण म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली तर एक बुळबुळीत थर लागतो. त्याला प्लाक म्हणतात. ते नुसते अन्नाचे कण नव्हेत, ती जिवंत जंतूंची वस्ती असते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याला भिंगे घासायचा नाद होता. त्याने आपल्याच दातांमधला पांढरा लगदा काढून भिंगाखाली पाहिला, तर त्यात बारीक जीव वळवळताना दिसले. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवले. जंतू माणसाला पहिल्यांदा दिसले त्या जागांपैकी एक म्हणजे आपले दात.

हा थर दात घासल्यावर काही तासांतच पुन्हा धरू लागतो. त्यात नवल नाही, प्रत्येकाच्या तोंडात ते होते. रोज काढला तर तो मऊ असतो, ब्रशने निघतो. तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि तो दगडासारखा कडक होतो. हेच किटण, डॉक्टरांच्या भाषेत टार्टर. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सर्वात जास्त आढळते, कारण लाळेच्या नळ्या तोंडात तिथेच उघडतात. घरी गेल्यावर जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागे लावून पाहा. खरखरीत लागले तर ते किटण. ते ब्रशने निघत नाही, पेस्ट कितीही महाग असली तरी नाही. बोअरिंगच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तो नुसत्या हाताने निघतो का? तसेच हे.

आता कोणी म्हणेल, घाण साठल्यानेच हिरडी सुजते कशावरून? वय असेल, उष्णता असेल. याची परीक्षा झालेली आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हाराल्ड लोए या दंतवैद्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा दात घासायला लावले. साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही. या एका प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. हिरडीची सूज कोणालाही येऊ शकते आणि सुरुवातीच्या पायरीवर ती पूर्ण बरी होते.

या पहिल्या पायरीला जिंजिव्हायटिस म्हणतात. हिरडी लाल होते, फुगते, ब्रशला रक्त लागते. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते, काहींची निसर्गतःच सावळी असते, त्यात बिघाड नाही. ती दाताला घट्ट बिलगून असते. पण सूज महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे राहिली तर काही जणांत आजार खाली उतरतो. दात नुसता हिरडीत रुतलेला नसतो, तो जबड्याच्या हाडात धाग्यांनी बांधलेला असतो. हे धागे आणि हाड झिजू लागले की दुसरी पायरी आली. तिला पेरिओडॉन्टायटिस म्हणतात, आपला पायरिया तो हाच. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत आमची मोजपट्टी एक ते तीन मिलिमीटरच आत जाते. खिसा चार, पाच, सात मिलिमीटर खोल झाला की तिथे घरचा ब्रश पोचत नाही. जंतूंना ती हक्काची जागा मिळते.

हे गेलेले हाड आपोआप परत येत नाही. काही ठिकाणी शस्त्रक्रियेने थोडेफार भरून काढता येते, पण सर्वांना आणि सगळीकडे ते जमत नाही. उपचाराने आजार जिथे आहे तिथे थांबवता येतो. म्हणून लवकर येण्याला महत्त्व. नाहीतर एक दिवस कीड नाही, छिद्र नाही, असा अखंड दात हलून हातात येतो आणि माणूस म्हणतो, "दात तर चांगला होता हो!" दात चांगलाच होता. भिंत पडली, खुंटीचा काय दोष?

इथे नेहमी एक प्रश्न येतो. "आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश धरला नाही आणि नव्वदीत ऊस खाल्ला, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. श्रीलंकेतल्या चहामळ्यांतील मजुरांचा पंधरा वर्षे अभ्यास झाला. हे लोक दात घासण्याचे कोणतेही साधन वापरत नव्हते. त्यांच्यात शंभरातल्या सुमारे आठ जणांचा आजार फार झपाट्याने वाढला, एक्याऐंशी जणांचा मध्यम गतीने वाढला आणि अकरा जणांना सुजेपलीकडे काहीच झाले नाही. म्हणजे आपले आजोबा त्या अकरांतले. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही. घराण्यात लवकर दात गेले असतील तर मात्र जास्त सावध राहावे, कारण हा कल रक्तातूनही येतो.

आजाराला जोर देणाऱ्या दोन गोष्टी आहेत, तंबाखू आणि मधुमेह.

तंबाखूबद्दल आपल्या घरांत एक गोड गैरसमज आहे. पुरुषाने सिगरेट ओढली तर ते व्यसन, पण आजीने मिशरी लावली तर ते दात घासणे! मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. आपल्याकडे मध्य प्रदेशात गुडाखू लावणाऱ्याही बायका आहेत. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. गुटख्यावर बंदी आणणारे पहिले राज्य आपलेच, १ एप्रिल २०१२ पासून. बंदीनंतरही तोंडात काय दिसते ते आम्हाला विचारू नका. तंबाखू जिथे धरून ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते, मुळे उघडी पडतात आणि कर्करोगाचा धोका तर आहेच. आणखी एक गोष्ट थोड्यांना माहीत असते. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. आतून हाड झिजत असते आणि वरून हिरडी शहाण्यासारखी दिसते. सिगरेट सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त येऊ लागले तर घाबरू नये. हिरडी पूर्वपदावर येत असल्याची ती खूण आहे.

मधुमेहाचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार जोराने वाढतो, आणि हिरड्यांत सूज असली की साखर आटोक्यात आणणे अवघड जाते. एक गृहस्थ आमच्याकडे आले, पन्नाशीचे. वर्षभरात पुढचे दात पंख्यासारखे पसरले होते, हिरडीत पुन्हा पुन्हा पू धरत होता. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला पाठवले. साखर चांगलीच वाढलेली निघाली. घरात कोणालाच पत्ता नव्हता, त्यांनाही नव्हता. पुढे औषधे सुरू झाली, खोल सफाई झाली, हलणाऱ्या दातांपैकी दोन काढावे लागले, बाकीचे राहिले. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, सरासरी ०.३ ते ०.४ ने उतरतो असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. एका गोळीची जागा घेईल इतका तो उतार नाही, पण फुकट मिळणारा आहे. म्हणून ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डोळे आणि पाय तपासतात तसेच वर्षातून दोनदा तोंडही दाखवावे.

हृदयविकाराबद्दलही लोक विचारतात. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो हे खरे, पण दात साफ केल्याने झटका टळतो असे सिद्ध झालेले नाही. तसे कोणी छातीठोक सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आणखी काही गोष्टी घरोघरच्या आहेत. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी आणि फिटच्या फेनिटॉइन या औषधाने काही जणांच्या हिरड्या फुगतात. त्यासाठी गोळी मनाने बंद करायची नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगायचे, ते हवे तर बदलून देतील. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात. त्या काळात दातांना हात लावू नये, असे सासूबाई सांगतात, पण दात साफ करून घेण्यात धोका नाही. मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. आणि हिरड्यांतून ब्रश न लावताच आपोआप रक्त वाहत असेल, नाकातून येत असेल, अंगावर निळे-काळे डाग उठत असतील, तर ते कारण निराळे असू शकते. अशा वेळी आधी फिजिशियनकडे जाऊन रक्त तपासावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही दातांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता सर्वात मोठ्या गैरसमजाकडे येतो. "सफाई केली की दात हलायला लागतात." हे वाक्य आम्ही ऐकले नाही असा आठवडा जात नाही. एक निवृत्त शिक्षिका होत्या. हिशेबाला पक्क्या, औषधे वेळेवर घेणाऱ्या. पण मैत्रिणीचे दात सफाईनंतर हलले, म्हणून बारा वर्षे त्यांनी आमच्या खुर्चीकडे पाठ फिरवली. शेवटी आल्या तेव्हा खालचे चार दात किटणाच्या एका पट्टीनेच एकमेकांना धरून होते. हाड जवळजवळ उरलेच नव्हते. किटण काढले असते तर दात हलले असते, न काढले तर आणखी हाड गेले असते. ते चारही दात काढावे लागले. दात मोकळे होतात ते हाड गेल्यामुळे, किटण ती गोष्ट फक्त झाकून ठेवते. सफाईनंतर दातांत फटी दिसतात, त्याही आजारानेच पडलेल्या असतात, तिथे किटण भरलेले होते इतकेच. काही दिवस थंड पाणी झोंबते, तेही ओसरते. आमचे यंत्र कंपनाने किटण उडवते, दाताचे कवच खरवडत नाही.

शिक्षिकाबाईंना नंतर कवळी बसली. त्यांनी एकदा सांगितले की दातांचे दुःख नाही, पण लग्नाच्या पंगतीत बसायचे त्यांनी सोडले आहे. ताटात काय चावता येईल आणि काय नाही, हे चारचौघांत पाहत बसायला नको वाटते. भाकरी गेली, काकडीची कोशिंबीर गेली, दाणे गेले. मऊ भात आणि दुधात कुस्करलेली पोळी उरली. म्हाताऱ्या माणसाचा आहार असा आक्रसला की अंगातली ताकदही आक्रसते. हिरड्यांकडे दुर्लक्ष केल्याची खरी किंमत ही आहे.

आता करायचे काय, ते सांगतो. यात खर्च फारसा नाही.

ब्रश मऊ घ्यावा. कडक ब्रशने आणि जोराने घासल्याने हिरडी खाली जाते. तांब्याचे भांडे घासायचे नाही आपल्याला. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर तिरपे टेकवावेत, अर्धे दातावर, अर्धे हिरडीकडे. तिथल्या तिथे बारीक हलवावे, मग दाताच्या टोकाकडे झाडून आणावे. दोन-दोन दात घेत पुढे सरकावे. बाहेरून, आतून आणि चावायच्या बाजूने. दोन मिनिटे लागतात. बहुतेकांची आतली बाजू राहते, म्हणून सुरुवातच तिथून करावी. केस वाकले की ब्रश बदलावा, साधारण तीन महिन्यांनी.

दिवसातून दोनदा. त्यातही रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. सराफ्यात रात्री बाराला जिलबी आणि रबडी खाऊन आल्यावर ब्रश करायचा कंटाळा येतो हे आम्हालाही मान्य. तरी करावा.

ब्रश दातांच्या मधल्या जागेत जात नाही आणि आजार बहुधा तिथूनच सुरू होतो. दात जवळ असतील तर फ्लॉसचा दोरा, फटी असतील तर बाटलीच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश वापरावा. दिवसातून एकदा पुरे. टाचणी, सेफ्टीपिन आणि आगपेटीची काडी कृपा करून तोंडात घालू नये.

कडुनिंबाची काडी वापरणाऱ्यांनी तिचे टोक चावून पुरते मऊ करावे आणि आतल्या बाजूलाही फिरवावे. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात झिजतात. मीठ-तेल चोळल्याने बरे वाटते, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळांनी सुजेला थोडा आराम पडतो, पण किटण त्याने विरघळत नाही. बाजारातले औषधी माउथवॉश डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस वापरावेत. क्लोरहेक्झिडीनचे पाणी फार दिवस वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

वर्षातून एकदा, आणि मधुमेह, तंबाखू किंवा घराण्याचा कल असेल तर दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात आणि शासकीय दंत महाविद्यालयात ही सोय आहे. रांग असते, पण काम होते. ब्रशला रक्त लागणे, तोंडाला सतत वास येणे, दात लांब दिसू लागणे, नव्या फटी पडणे, हिरडीतून पू येणे, दात हलणे किंवा कवळी पूर्वीसारखी न बसणे, यातले एकही आढळले तर वर्ष संपायची वाट पाहू नये.

शेवटी एक विनंती. घरातल्या ज्येष्ठांना विचारल्याशिवाय ते तोंडाबद्दल सांगत नाहीत. हात थरथरतात, ब्रश नीट धरता येत नाही, पण मुला-सुनेला कशाला त्रास, म्हणून गप्प बसतात. ब्रशच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून जाड केला तर धरायला सोपा जातो, बॅटरीचा ब्रशही चालतो. या रविवारी आई-बाबांना खिडकीपाशी उजेडात बसवा, मोबाइलचा दिवा लावा आणि एकदा त्यांच्या हिरड्या पाहा. मग आपल्याही कोणाकडून तरी पाहून घ्या. मंडळाची इच्छा असेल तर उत्सव संपल्यावर एखाद्या रविवारी सभागृहात तपासणी ठेवू. डॉक्टरांना आणायची आणि मोजपट्ट्या उकळून आणायची जबाबदारी आमची. खुर्च्या आणि चहा मंडळाचा.

आता आरतीची वेळ झाली आहे. प्रसादाचे मोदक जरूर घ्या, पण झोपण्यापूर्वी ब्रश विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!